फट बुजवली ते घर

शेकोटीत लाकूड सारा आणि ते मोबाईल उलटे ठेवा. आपल्या पाड्यावरच्या भगीरथवर गुदरलं ते सांगतो. माणूस हयात आहे, खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

२०२४ची पौष अमावास्या, शुक्रवार. डोळखांबकडे जगदीशच्या घरी भगीरथ भेगा बुजवायची फोमची गन विसरला होता. सकाळी वाशिंदला काम, म्हणून रात्री साडेदहाला त्यानं मोटारसायकल काढली. त्या घराचं काम त्यानं झकास केलं होतं. बायको प्रेमा बाळंत व्हायच्या आत जुनं कुडाचं घर उबदार व्हावं, ही जगदीशची हौस. कौलांखाली थर्माकोल, दारांना रबराच्या पट्ट्या, भेगांत फोम. मुंगी शिरायला वाट ठेवली नाही पठ्ठ्यानं!

बाळंतिणीच्या खोलीत वळचणीखाली वीतभर फट होती. ती भरताना जगदीशची आई हौसा आडवी आली होती.

"ती बुजवू नको रे. माझा पयला पोर ह्याच खोलीत गेला. थंडी म्हणून फटीत पेंढा कोंबला, खाटेखाली शेगडी... पाचवीच्या राती कोंडून गेला."

"काकी, तो जमाना गेला आता," म्हणत भगीरथनं फट भरली. अतिशहाणपण असं नडतं.

त्या शुक्रवारी नातवाची पाचवी होती. जगदीश रातपाळीला. पाचवीला बायका जागतात, बोलत बसतात. भगीरथ अंगणात आला तर घर गप्प. आत दिवा जळत होता. हाक मारली, कडी वाजवली.

तो परसात गेला. वळचणीखाली आवाज.

खर्र... खर्र...

भिंतीच्या आतून. उंदीर असेल. तो थांबला.

खर्र...

"काकी?"

...

फोमचा अख्खा गोळा सुटला आणि त्याच्या पायाशी पडला. फटीतून गरम, जड हवा तोंडावर आली. निखाऱ्यांची.

शेगडी!

परसातली कुदळ घेऊन त्यानं दार फोडलं. हौसा भिंतीला टेकलेली. प्रेमा खाटेवर. दोघी निपचित. बाळ गोधडीत गच्च गुंडाळलेलं. एकेकाला त्यानं अंगणात आणलं. बाळ हलेना. भगीरथ रडायला लागला. देवा, माझ्या हातानं...

मग बाळ रडलं.

तिघं वाचली. पहाटे भगीरथनं तो गोळा उचलला. आठ दिवस सुकून कडक झालेला फोम. आतल्या टोकाला पाच खळगे होते, ओल्या पिठात बोटं रुतावीत तसे. एकेक खळगा तुरीच्या डाळीएवढा. फट पुरुषभर उंचीवर. बाळाचे हात रात्रभर गोधडीत बांधलेले.

हौसानं गोळा मांडीवर घेतला. खळग्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"बोटं सोलली असतील रे माझ्या पयल्याची," ती म्हणाली.