एकोणीसवर थांबलेली मोजणी

आजोबांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि हौस म्हणून पोरं जमवली. पोरं म्हणजे चित्रांतली. छायाचित्रणाच्या अगदी पहिल्या काळातले डॅगेरोटाइप, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर उमटलेली मुलं. एकतीस पत्रे, एकतीस चामडी डब्या. पत्रा सरळ धरला की नुसता आरसा, जरा कलता केला की मूल.

“मुकी आहेत म्हणून सांभाळताय,” आजी म्हणायच्या. “बोलती असती तर माझ्याच गळ्यात पडली असती.”

त्या दुपारी आजोबा एका डबीची उसवलेली कड चिकटवत होते. काच काढून बाजूला ठेवलेली, पत्रा टेबलावर उघडा. त्यावरच्या मुलाचा कोट, बटणं, बूट सगळं लख्ख. चेहरा तेवढा धुरकट. सुट्टीला आलेली सहा वर्षांची नात शेजारच्या स्टुलावर चुळबुळत होती.

“याला तोंड का नाही?”

“हलला. तेव्हा पंचवीस मोजेपर्यंत गप्प बसावं लागायचं. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायचे. तो डोक्याआड लपतो, दिसत नाही.”

“मी चिमट्याशिवाय बसते. मोजा.”

“तू? पाच म्हणायच्या आत उडशील.”

“मोजा तर!”

आजोबा मोजू लागले. एकोणीसला दाराची घंटा वाजली. कुरिअरवाल्याचं पेन चालेना, मग सही जुळेना. दहा मिनिटं सहज गेली.

परत आले तर नात तशीच.

“जिंकलीस बाई. ऊठ आता.”

ती उठली नाही. पापणीही लवत नव्हती. त्यांनी हात धरला. पत्र्यासारखा गार.

“अगं, इकडे ये! लवकर!”

आजी धावत आल्या. त्यांनी नातीला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. आजोबांनी उरलेले आकडे मोजून टाकले. काही झालं नाही. फोनकडे वळताना त्यांची नजर टेबलावर गेली.

पत्र्यावरचा धुरकट चेहरा निवळत होता. आधी हनुवटी. मग ओठ. मग एक डोळा. जणू त्याच्या वाटचं कुणीतरी बसत होतं.

“बघत काय राहिलात?” आजी ओरडल्या.

चाळीस वर्षांत आजोबांनी या पत्र्यांना कापडसुद्धा लावलं नव्हतं. त्यांवरचं चित्र म्हणजे फुलपाखराच्या पंखावरची धूळ. बोट लागलं की गेलं.

त्यांनी अंगठा टेकवला.

आणि पुसलं.

उरला आरसा.

“वीस,” नात म्हणाली. “आजोबा, मध्येच काय थांबलात?”

आजींनी तिला छातीशी धरलं, मग पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी धरलं. नातीने स्टूल पाडलं, गोंदाची बाटली लवंडली. कुणी रागावलं नाही म्हणून तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळी आजोबा हलक्या मनाने डब्या आवरू लागले. एक सहज उघडली. चेहरा धुरकट. दुसरी उघडली. तिसरी. तीसच्या तीस.

सगळी हलली होती.

आयुष्यभराचा संग्रह गेला, तरी वाईट कसं ते वाटेना. “सुटली बिचारी,” ते पुटपुटले.

शेवटच्या डबीतल्या मुलीची मान बाजूला कलली होती. तिच्यामागे आता लोखंडी चिमटा स्वच्छ दिसत होता. त्याचे दोन्ही जबडे उघडे होते.