मागच्या दाराची कडी

दोन हजार दोनच्या चैतातली गोष्ट. सोमाजी राजुऱ्याला कय्यूमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला, तेव्हा त्याच्या खिशात दोन वस्तू होत्या. घराची मापं लिहिलेला कागद आणि त्याच घराचं जुनं कुलूप. घर उरलं नव्हतं. गाव कोळशाच्या खाणीत गेलं होतं.

कय्यूम म्हणायचा, मापं दिली की कॉम्प्युटरात घर उभं राहते, त्यात हिंडता येते. इंटरनेटवर चढवलं की कोणीही, कुठूनही आत येईल.

काळ्या पडद्यावर कय्यूमनं एकेक ओळ टाइप केली. भिंती, ओसरी, चूल. शेवटचा हुकूम दिला, तसं काय काय उभं राहिलं ते पडद्यावर उमटलं.

"खोल्या दोन, खिडकी एक, दरवाजे दोन," कय्यूमनं वाचलं.

"दोन? म्या तं एकच लिवला."

कागदावर एकच होता. कय्यूमनं सगळं पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा दोन.

मग घर दिसलं. चुलीच्या उजव्या हाताला, मागच्या भिंतीत, दरवाजा सताड उघडा. बाहेर नुसता अंधार.

सोमाजी पडद्याजवळ सरकला. तिथं खरंच दार होतं, अठरा वर्षांआधी. एका दुपारी तो कडी न लावता झोपला, आणि त्याची सात वर्षांची मुलगी रिना त्या दारातून मोहफुलं वेचायला गेली. ती सापडलीच नाही. मग त्यानं ते दार विटांनी बुजवून टाकलं.

"तुले कोनं सांगतलं?" त्यानं हळूच विचारलं.

"काय, भाऊ?"

"तुहा बाप बांगड्या विकाले येत जाय आमच्या गावात. त्यानंच सांगतलं असन. थट्टा करून राह्यला काय माही?"

"अल्ला कसम, भाऊ, मले काईच मालूम नाई. काढून टाकू का?"

सोमाजीनं खिशातलं कुलूप चाचपलं.

"नाई... उघडंच राहू दे. चढव."

कय्यूमनं घर इंटरनेटवर चढवलं. संध्याकाळी दुकान बंद झालं, तेव्हा सोमाजीनं दुकानाच्या कुलपावर आपलं जुनं कुलूप लावलं. कय्यूमच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. रातभर तो शेजारीच राहणाऱ्या मेव्हण्याकडे किल्ली मुठीत धरून पडून राहिला.

सकाळी दोन्ही कुलपं जशीच्या तशी होती. शटर वर केलं, तर आत मोहफुलांचा वास दाटलेला.

"हा वास कुठून येऊन राह्यला..." कय्यूम पुटपुटला. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, घर उघडलं आणि हात मागे घेतला.

मागचं दार बंद होतं.

"भाऊ... म्या नाई केलं."

"मालूम हाय."

दाराला कडी होती. कागदावर कडीचं नावही नव्हतं. कय्यूमनं तिचं माप वाचलं. "जमिनीपासून तीन फूट. इतक्या खाली कोन कडी लावते, भाऊ?"

सोमाजीनं आपला हात कमरेजवळ, हवेतच धरला. रिनाचा हात तिथवरच पुरायचा.

कडी आतून लावलेली होती.