वारसामूल्य : नाही

ही गोष्ट खरी आहे. पटणं न पटणं तुमच्यावर.

रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारचे दोन. जागा, आखातातल्या रास अल खैमा शहराच्या कडेला उभा असलेला एक लाकडी बंगला.

माझी मावसबहीण ईशानी जुन्या इमारतींची पाहणी करते. इमारत राखायची की पाडायची, हे तिच्या रिपोर्टवर ठरतं. बाई पहिल्यापासून संशयी. दुकानातून आणलेली साखरसुद्धा घरी पुन्हा तोलणारी.

बंगला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. तीन खोल्या, पुढे व्हरांडा, नक्षी शून्य. पण त्याचे खांब आणि तुळया मिळून बावन्न सागवानी लाकडं होती आणि त्यांतल्या सत्तावीस लाकडांवर मराठी आकडे कोरलेले होते. १ ते २७. कोकणातून आलेल्या सुताराची ती रीत. लाकूड जागेवर बसलं की त्यावर आकडा.

कागदपत्रं काहीच नव्हती. बंगल्याचं मोल होतं ते त्या आकड्यांत.

ईशानीनं सगळ्या लाकडांचे फोटो काढले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला...

टक्. टक्. टक्.

आत कुणी नव्हतं.

बुधवारी ती पुन्हा गेली. आतल्या खोलीत, कालच्या फोटोत कोऱ्या असलेल्या खांबावर...

२८.

खाली पिवळसर भुसा. ताजा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? बंगल्याचा राखणदार तहा तीस वर्षं तिथेच राहत होता. बंगला गेला की त्याचं छप्परही जाणार.

"ये आपने किया?" तिनं विचारलं.

"मॅडम, मुझे तो ये लिखाई पढ़नी भी नहीं आती."

तिनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

गुरुवारी कुलूप जसंच्या तसं होतं.

आत... २९.

"दुसरी चाबी है ना आपके पास?"

तहानं मान हलवली. नाही. मग हळूच म्हणाला, "सुना है कारीगर काम के बीच में मर गया था. बाकी घर दूसरों ने बनाया. उसको गिनती पूरी करने दो, मॅडम. जब तक गिन रहा है, इधर ही रहता है."

"नहीं तो किधर जाएगा?"

त्यानं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

म्हातारा आपल्याला घाबरवतोय, असं तिला वाटलं. आणि दोन आकडे खोटे, तर आधीचे सत्तावीस तरी खरे कशावरून? तेवढ्यात तिच्या साहेबाचा, सुजीतचा फोन आला. "यल्ला ईशानी, लवकर आटप, रिपोर्ट आज हवाय."

गाडीत बसूनच तिनं लिहिलं. 'खुणा बनावट. वारसामूल्य : नाही.'

डिसेंबरात बंगला पाडला. तहा शारजाला मुलाकडे गेला.

जानेवारी. शनिवारची दुपार. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये ईशानी कणीक मळत होती. नवरा बाहेर गेलेला. दहा वर्षांची मुलगी अस्मी खोलीत अभ्यास करत होती.

"मम्मा, स्टॉप टॅपिंग. आय अॅम स्टडींग."

ईशानीचे दोन्ही हात कणकेत होते.

"मी नाही गं."

"देन हू इज डुइंग इट?"

ती धावत गेली. अस्मी टेबलाशी बसलेली. खोलीत दुसरं कुणी नाही.

दाराच्या चौकटीवर, अस्मीच्या डोक्याच्या उंचीवर...

३०.

चौकट भाड्याच्या फ्लॅटची, स्वस्तातली, पांढऱ्या रंगाची. खाली पडलेला भुसा मात्र सागवानाचा होता.

तिनं तहाचा नंबर शोधून फोन केला. अस्मीच्या खोलीतलं सांगितलं, माफी मागितली आणि रडली. माणूस खरं बोलत होता आणि तिनं त्याला घराबाहेर काढलं होतं.

"अब क्या करूँ?" तिनं विचारलं.

तहानं उलट विचारलं,

"बिटिया का पलंग लकड़ी का है?"

त्या संध्याकाळी पलंग घराबाहेर गेला. पुढच्या महिन्यात त्यांनी फ्लॅट बदलला. आता घरात सगळं लोखंडी आणि काचेचं. दारं तेवढी लाकडी, ती काही काढता येत नाहीत.

मी दर शुक्रवारी फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, "आता किती?"

मागच्या शुक्रवारी ती म्हणाली, "एकेचाळीस."

बावन्न झाले की तो थांबेल, अशी मी तिची समजूत घालते.

ती म्हणते, "थांबेल गं. पण घर पूर्ण झालं की त्यात कुणीतरी राहायला येतं ना?"