ठशावरचा डोळा

ओकितांचं आमिषाचं दुकान शनिवारी पहाटे साडेपाचला उघडे आणि पावणेसहाला चिझुरू तिथे हजर असे. गोठवलेल्या जवळ्याची एक वीट, बारीक गळांचं पाकीट, यंत्रातली गरम कॉफी. वर्षभरात या क्रमात फरक पडला नव्हता. फक्त ती भिंतीकडे बघायचं टाळू लागली होती.

भिंतीवर माशांचे ठसे होते. पन्नास सेंटिमीटरच्या वरचा कुरोदाई, म्हणजे तिथला काळसर समुद्री मासा, मिळाला की त्याला शाई फासायची, वर पातळ कागद दाबायचा आणि ठशाखाली लांबी, तारीख, धरणाऱ्याचं नाव, साक्षीदाराचं नाव लिहायचं. डोळ्याची जागा तेवढी कोरी ठेवतात. डोळा शेवटी कुंचल्याने काढायचा, तोही ज्याने मासा धरला त्यानेच. हा नियम कुणी मोडल्याचं बंदरात ऐकिवात नव्हतं.

चिझुरूने तो मोडला होता.

गेल्या नोव्हेंबरात एक्कावन्न सेंटिमीटरचा तो मासा फुमीने धरला. वडील गेल्यावर चार महिने घरात बसलेल्या चिझुरूला बंदराच्या बांधावर ओढत आणणारी मैत्रीण ती. "रडायचंच आहे ना? मग गळाची काठी धरून रड, दोन्ही कामं होतील," म्हणणारी. त्या दिवशी फुमीची कारखान्यात दुपारची पाळी होती. "ठसा तू काढून घे, डोळा मी उद्या काढते," म्हणत ती स्कूटरवर बसली. दुकानात मासा पाहून ओकिता आजोबा ओरडले, "वा गं पोरी! अखेर तूसुद्धा!" चिझुरू नुसती हसली. उद्या फुमीची गंमत करू, एवढंच मनात होतं. तिने स्वतःचं नाव लिहिलं, साक्षीदार म्हणून फुमीचं. डोळा काढताना हात हलला आणि बुबुळाला बारीक शेपूट फुटलं.

पाळी संपवून येताना वळणावर फुमीची स्कूटर घसरली आणि ती जागीच गेली. नंतर ही गोष्ट सांगायला कुठलाच दिवस योग्य वाटला नाही.

सप्टेंबरात तो डोळा फिका पडू लागला.

"ओलावा, दुसरं काय," आजोबा म्हणाले. "पण बाकीची शाई बघ, जशीच्या तशी. तुझ्याच डोळ्याला काय धाड भरलीय? ये, पुन्हा काढ."

तिने श्वास रोखून काढला. शेपूट आलंच, त्याच जागी. पुढच्या शनिवारी तिथे कोरा कागद होता. पुसल्याची खूणसुद्धा नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुकानात फुमीची आई उभी होती. तोकिए काकू महिन्यातून एकदा येत आणि मुलीच्या नावापुढे हात जोडत. "साक्षीदार म्हणून का होईना, आहे बाई ती भिंतीवर," असं म्हणत. तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं चिझुरूला होई.

आज काकूंच्या हातात फुमीची काठी होती. "मला बांधावर ने. वर्षभर कोरडी पडलीय ही."

समुद्र शांत होता. सात वाजून वीस मिनिटांनी काकूंच्या दोरीवरचं तरंगतं बोंड पाण्याखाली गेलं.

"अगं, मी ओढतेय की तो मला?"

"काठी उभी धरा काकू! उभी!"

चिझुरूने जाळी घातली. कुरोदाई. पट्टीवर ठेवला. एक्कावन्न.

गळ काढायला ती वाकली. माशाच्या डोळ्यात चमक नव्हती. डोळा सपाट होता, काळा. बुबुळाच्या कडेला बारीक शेपूट होतं.

तिने अंगठा लावला.

अंगठा काळा झाला. माशावर पांढरी, कोरी जागा उरली.

"काकू," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "भिंतीवरचा मासा फुमीने धरला होता. मी नाही."

काकू टॉवेलला हात पुसत राहिल्या. "ठाऊक आहे. कारखान्यातून तिने फोन केला होता. एक्कावन्न, म्हणाली, आणि हसत सुटली."

"मग वर्षभर तुम्ही..."

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. चिझुरूने मासा पाण्यात सोडला. मान वर करायचा धीर तिला दुकान येईपर्यंत झाला नाही.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, तेच जास्त लागलं. त्यांनी नावं खोडून नव्याने लिहिली: धरणारी फुमी, साक्षीदार चिझुरू.

"आणि डोळा?"

"धरणाऱ्याने काढायचा," आजोबा म्हणाले. "राहू दे कोरा."

अंगठ्यावरची शाई आठवडाभर साबणाने निघाली नाही.

पुढच्या शनिवारी पावणेसहाला ती दुकानात शिरली आणि वर्षानंतर पहिल्यांदा आपण होऊन भिंतीकडे वळली. ठशाला डोळा होता. एका फटकाऱ्यात काढलेला, शेपूट नसलेला.

"तुम्ही काढलात?"

आजोबांनी थरथरता हात पुढे केला. "या हाताने?"

कुंचला खुंटीला होता. कोरडा.

तिने अंगठा पाहिला. स्वच्छ होता.

भिंतीवरचे बाकीचे सगळे मासे समोर पाहत होते, जसे काढतात तसे. हा एकटा खाली पाहत होता, साक्षीदाराच्या नावाकडे.