काढून ठेवलेली डिस्क

ती डिस्क कोमट होती.

वायरीला न जोडलेली हार्ड डिस्क खोलीइतकीच गार लागायला हवी. वेदश्री भौतिकशास्त्र शिकवते. हाताला काय लागलं ते ती तिखटमीठ लावून सांगणार नाही, म्हणून हे खरं मानायचं.

केशवापूरचं घर. गेल्या दिवाळीनंतरचा रविवार, भर दुपार.

कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याचा, साकेतचा. त्यानं लिनक्सवर दोन डिस्कची जोडी लावली होती. रेड म्हणतात तिला. दोन्हींवर तेच लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी निभावते, असं तो कौतुकानं सांगायचा.

मग एक दिवस तारिहाळला कामावर म्हणून गेला...

परत आलाच नाही.

दुसरी निभावत राहिली.

वर्षं लोटली. कोर्टाकडून त्याला मृत ठरवून घ्या, असं वकील सांगून थकले. वेदश्री टाळत होती. सासूबाई, कुसुमावती, तर मशीनही बंद करू देत नसत. माझा अप्पा आला की आधी तेच बघेल म्हणायच्या; साकेतला त्या अप्पाच म्हणत. वर टोमणा, "तुला काय, घाई झालीय."

त्या आठवड्यात मदरबोर्ड जळाला.

दुकानदार स्वतःचं रेड असलेला महाग बोर्ड दाखवत होता. वेदश्रीनं साधा घेतला. लिनक्सची जोडी कुठल्याही बोर्डावर उभी राहते. त्या महागड्यात डिस्क त्याच बोर्डाला बांधल्या जातात, आणि बांधून राहण्याचा तिला वीट आला होता.

एक डिस्क खराब निघाली. ती काढून तिनं कपाटात ठेवली. उरलेल्या एकीवर मशीन सुरू केलं.

पडद्यावर डिस्कच्या दोन जागा. एक भरलेली, एक रिकामी. बरोबर.

तेवढ्यात कपाटातून आवाज आला...

घर्र.

डिस्क फिरते तसा.

तिनं कपाट उघडलं. आवाज थांबला. डिस्क उचलली...

कोमट.

वळून पाहिलं तर पडद्यावर दोन्ही जागा भरलेल्या. दुसरी वायर मोकळी लोंबत होती. तिनं पुन्हा तपासलं. उत्तर तेच.

आणि तळहातावर ती डिस्क आतून हळूच फिरू लागली...

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. तिला उद्देशून नव्हताच तो.

"आलास काय रे अप्पा? चहा टाकते."

भांडं शेगडीवर ठेवल्याचं ऐकू आलं. मग त्या ओल्या हातांनी दारात आल्या. हसत होत्या. तिच्या खांद्यामागे बघत होत्या.

वेदश्रीनं मागे वळून पाहिलं नाही.

"कोण आलंय ते मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "साकेत गेला. उद्या मी वकिलांना अर्ज द्यायला सांगते."