ठिबक उजेड

रात्रीच्या अंधारात आजोबा जिना बिनधास्त चढायचे-उतरायचे. आणि भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, त्याच जिन्यावर त्यांचा पाय चुकायचा! हे असं उलटं का, ते घरात कुणालाच कळत नव्हतं.

ही गोष्ट आजपासून चाळीसेक वर्षांनंतरची आहे. चंद्रपूरकडचा उन्हाळा तेव्हा इतका कडक झाला होता, की लोकांनी जमिनीखाली घरं बांधायला सुरुवात केली होती. तीन-चार मीटर खोल गेलं, की माती बाराही महिने जवळजवळ सारखीच गार असते. कस्तुरी पोहनकरचं घर अशाच एका वसाहतीत होतं. रस्त्यावरून नुसतं दार दिसायचं. दार उघडलं की खाली जाणारा लांब जिना, आणि जिन्याच्या तळाशी घर. वर जमिनीवर सौरपत्रे बसवलेले होते. त्यांची वीज दिवसभर बॅटरीत साठायची आणि घरात ताजी हवा आणणारा मोठा पंखा रात्रभर तिच्यावर चालायचा.

कस्तुरीचे आजोबा, डॉक्टर निनाद पोहनकर, मातीचे शास्त्रज्ञ होते. आयुष्यभर त्यांनी शेतांमधली माती तपासली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं: दुपारी शाळेची बस आली, की वर जाऊन कस्तुरीला घरी आणायचं. बसपासून दारापर्यंतचा रस्ता तो केवढासा! पण तेवढ्यात आजोबा तिला मुंग्यांची वारुळं दाखवायचे, दगड उचलून त्याचं वय सांगायचे. कस्तुरीला दिवसभरात सगळ्यात आवडायचं ते हेच.

एका दुपारी दोघं घरात शिरली आणि वरच्या पायऱ्यांवरच आजोबांचा पाय हुकला. मनगट मुरगळलं. आईनं लगेच जिन्याच्या तळाशी भिंतीवर एक मोठा दिवा लावून घेतला. त्याचा झोत थेट वर दारापर्यंत जायचा. "आता सुई पडली तरी दिसेल, बाबा," आई म्हणाली.

तरी आठवड्याभरातच आजोबा पुन्हा अडखळले. कठडा हाती लागला म्हणून वाचले. त्या दिवशी जेवताना ते हळूच म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून बसपाशी तूच जात जा. माझे डोळे आता कामाचे राहिले नाहीत."

तेव्हापासून ते खोलीतच बसून राहू लागले. कस्तुरी शाळेतून आली, की "आलीस?" एवढंच विचारायचे.

त्यात आणखी एक भर पडली. तो मोठा दिवा कुणी पडायला नको म्हणून रात्रंदिवस चालू असायचा. त्यामुळे पहाटेच्या आधीच बॅटरी संपायची, पंखा बंद पडायचा आणि सगळे कोंदट हवेत घामाघूम होऊन उठायचे. शेवटी आईनं वसाहतीच्या वीज सल्ला केंद्राला कळवलं. त्यांनी टिटवीला पाठवलं.

टिटवी म्हणजे एक यंत्रमानव. लांबलचक काटकुळे पाय, वर छोटंसं गोल डोकं. प्रत्येक पायरीवर ती वाकायची, डोकं टेकवायची आणि "टिव्!" असा आवाज करून मोजमाप घ्यायची. कस्तुरी तिच्या मागेमागे फिरत होती.

"काय मोजतेस गं?"

"उजेड," टिटवी म्हणाली. "दिव्याच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. दिवा वीज किती खातो, ते वॅटमध्ये (वीज खर्च होण्याचा वेग मोजण्याचं माप). दिवा एकूण प्रकाश किती देतो, ते ल्यूमेनमध्ये (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या प्रकाशाचं माप). आणि त्यातला एखाद्या जागेवर किती पडतो, ते लक्समध्ये (एक चौरस मीटर जागेवर पडणारा प्रकाश)."

"म्हणजे जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड नाही?"

"नाही. पूर्वी आत तापणारी तार असलेले दिवे असायचे. ते भरपूर वीज खायचे, पण तिची बहुतेक उष्णताच व्हायची. एलईडी दिवे थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश देतात. तुमचा दिवाही एलईडीच आहे, पण फार मोठा आहे. तो काढून लहान लावा. पंखा पहाटेपर्यंत चालेल."

"आणि आजोबा पडतात त्याचं काय?" आईनं विचारलं.

टिटवीनं पुन्हा एकदा टिव् केलं. "पायऱ्यांवर पुरेसा प्रकाश आहे. मला सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसतात. त्यामुळे दोष डोळ्यांचाच असावा. आजोबांनी जिना वापरू नये हे बरं."

खोलीच्या दारात आजोबा उभे होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि आत गेले.

कस्तुरीला टिटवीचा असा राग आला!

दुसऱ्या दिवशी बसमधून येताना एक वावटळ उठली आणि खिडकीतून आलेली धूळ कस्तुरीच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा चुरचुरायला लागला. तिनं डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याची घडी केली आणि डोळ्यावर गच्च धरली. घरी येईपर्यंत काढलीच नाही. बसपाशी आई आली होती. दोघी दारातून आत आल्या, आई भराभरा पुढे उतरली आणि कस्तुरीनं दुपट्टा बाजूला केला.

ती जागच्या जागी थांबली. तिनं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. समोर काळोख, मध्ये तो मोठा दिवा भगभगतोय, पायऱ्या कुठे आहेत पत्ताच नाही. मग डावा मिटून उजव्यानं, म्हणजे धूळ गेलेल्या डोळ्यानं पाहिलं. एकेक पायरी स्पष्ट!

"आजोबा!" ती वरूनच ओरडली. "आजोबा, लवकर या! माझा चांगला डोळा आंधळा झालाय आणि दुखरा डोळा चांगला झालाय!"

आजोबा घाबरून जिन्यापाशी आले. कस्तुरीनं धडाधडा सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आजोबांची मान हळूहळू वर झाली. पूर्वी एखादी नवी गोष्ट ऐकताना व्हायचे, तसेच ते ताठ झाले.

"थांब, थांब. एका मुलीच्या डोळ्यांवरून निष्कर्ष काढायचा नाही," ते म्हणाले. "मी वर येतो. दुपट्टा दे."

"बाबा, अहो—" आई म्हणाली.

"मी धरते त्यांना," कस्तुरी म्हणाली.

तिचा हात धरून आजोबा वर गेले. दाराबाहेरच्या सावलीत आजोबा एका डोळ्यावर दुपट्टा बांधून बसले आणि शेजारी कस्तुरी. उन्हानं पांढरा झालेला रस्ता समोर तळपत होता. थोड्या वेळानं ती दोघं आत आली. आजोबांनी कठडा घट्ट धरला आणि दुपट्टा काढला. एक डोळा मिटला, मग दुसरा. पुन्हा पहिला. आणि ते खोखो हसायला लागले. मनगट मुरगळल्यापासून घरात कुणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगं, मी मूर्ख! आणि तुझी ती टिटवीसुद्धा!"

टिटवीला पुन्हा बोलावण्यात आलं. आजोबा जिन्यावरच बसून समजावू लागले. "डोळ्याच्या मध्ये काळी बाहुली असते ना, ते खरं तर एक भोक आहे. ऊन असलं की ते बारीक होतं, अंधारात मोठं होतं. पण एवढ्यानं भागत नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल (प्रकाश टिपणारा पातळ पडदा) असतं. अंधारात पाहण्यासाठी त्याला एक रसायन लागतं. ते लख्ख उन्हात उडून जातं आणि पुन्हा तयार व्हायला बरीच मिनिटं लागतात. कस्तुरीचा झाकलेला डोळा तोवर तयार होऊन बसला होता."

"सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरलं की खुर्च्याच दिसत नाहीत, तसं!" आई म्हणाली.

"अगदी तसंच. रात्री मात्र डोळे आधीच अंधाराला सरावलेले असतात. म्हणून रात्री मी पडत नाही."

टिटवीनं वर रस्त्यावर जाऊन टिव् केलं, खाली येऊन टिव् केलं. "बाहेर जवळजवळ एक लाख लक्स. आत दोनशे. मी फक्त आतलं मोजलं होतं. माझा कॅमेरा क्षणात जुळवून घेतो, म्हणून तुमचेही डोळे घेत असतील असं मी धरून चालले. माझं चुकलं, आजोबा. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि ते रसायनही सावकाश तयार होतं, म्हणून तुम्हाला कस्तुरीपेक्षा जास्त वेळ लागतो. पण त्याला दोष म्हणता येत नाही."

कस्तुरीनं टिटवीच्या गोल डोक्यावर हात ठेवला. तिचा राग गेला होता.

"मग याहून मोठा दिवा लावायचा का?" आईनं विचारलं.

"हा दिवा समोरून डोळ्यांतच घुसतो," आजोबा म्हणाले, "आणि बाहुली आणखी बारीक करतो. प्रकाश भरपूर, पण तो माझ्या तोंडावर. पायऱ्यांना काय मिळतं?" बोलता बोलता ते थांबले. "सूनबाई, शेताला पाटानं पाणी सोडलं तर निम्मं वाया जातं. म्हणून आपण ठिबक सिंचन करतो. थेंब थेंब, पण नेमका मुळाशी. उजेडही तसाच द्यायला हवा. ठिबक उजेड!"

मग सगळे कामाला लागले. टिटवीनं प्रत्येक पायरीच्या कडेखाली बोटभर लांबीचा एलईडी दिवा बसवला. त्याचा प्रकाश खालच्या पायरीवरच पडायचा, डोळ्यांत अजिबात नाही. कस्तुरीनं पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे रंगवले. दारावर दुधी काच बसवली, म्हणजे दिवसा वरच्या पायऱ्यांना सूर्याचा फुकटचा उजेड. दाराबाहेर वेलींचा मांडव घातला आणि त्याच्याखाली बाक ठेवलं. उन्हातून आलेल्यानं तिथे थोडं टेकायचं आणि डोळ्यांना सावलीची सवय होऊ द्यायची.

दिवे माणूस आल्यावरच लागावेत म्हणून टिटवीनं एक संवेदक (माणसाची चाहूल ओळखणारं छोटं यंत्र) लावला. संध्याकाळी तो झकास चालला. पण दुसऱ्या दुपारी कस्तुरी दारात उभी राहून हात हलवते आहे, नाचते आहे, आणि दिवे काही लागत नाहीत!

"बिघडला?" ती हिरमुसून म्हणाली.

आजोबांनी दाराला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "बिघडला नाही. तो अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखतो. आता दार, भिंत, हवा सगळंच तुझ्याइतकं नाहीतर तुझ्यापेक्षा जास्त गरम आहे. त्याला तू वेगळी दिसणार कशी?"

"मग त्याला उष्णतेऐवजी माझं वजन कळलं तर?" कस्तुरीनं विचारलं. "मी पायपुसण्यावर उभी राहतेच की!"

टिटवीनं दोन पायपुसण्यांखाली दाब ओळखणारे संवेदक बसवले, एक वर दाराशी आणि एक खाली. पाय पडला की दिवे लागायचे, माणूस जिना ओलांडून गेला की विझायचे. दुपारी वरचे दिवे जास्त तेजस्वी, खाली जाल तसे सौम्य. रात्री सगळेच अगदी मंद, कारण सरावलेल्या डोळ्यांना तेवढे पुरतात. सगळे दिवे मिळूनही त्या मोठ्या दिव्याच्या पासंगालाही पुरत नव्हते, इतकी कमी वीज ते खात. पंखा सकाळपर्यंत फिरू लागला.

पुढच्या सोमवारी बस थांबली तेव्हा झाडाखाली आजोबा उभे होते. कस्तुरी धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. दोघं मांडवाखाली थोडं टेकली आणि मग जिना उतरली. आई खाली श्वास रोखून उभी होती. आजोबा मात्र वाळवीच्या राणीबद्दल काहीतरी सांगत, कठड्यावर नुसता हात ठेवून, सरळ खाली आले.

काही दिवसांनी टिटवी परत आली. वसाहतीसाठी जमिनीखाली मोठं वाचनालय बांधायचं ठरलं होतं आणि तिथल्या जिन्याचे दिवे निवडायचे होते. "मोजायला मी आहे," ती म्हणाली, "पण बघायला तुमचे डोळे हवेत. आजोबांचेही आणि कस्तुरीचेही."

आजोबांनी नकाशा जमिनीवर पसरला. कस्तुरी पालथी पडून त्याच्याकडे बघत राहिली.

"आजोबा, ज्यांना मुळीच दिसत नाही, तीही मुलं वाचनालयात येणार ना? त्यांना पायरी कुठे संपते ते कसं कळेल?"

टिटवीनं डोकं नकाशाला टेकवलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"टिटवी," ते म्हणाले, "हे तुझ्या कुठल्याच मापात बसत नाही. चला, नकाशा पुन्हा पहिल्या पायरीपासून बघू."