उलटं बॉनेट

शिवणकाम करणारी एक बाई अक्कांसमोर येऊन बसली, तेव्हा मापाची टेप तिच्या गळ्यात तशीच होती. तिचा धाकटा भाऊ कोठडीत होता.

"त्यानं गंमत म्हणून मुद्दाम ब्रेक मारला, असं ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर सांगतात," ती म्हणाली. "तो म्हणतो, मी ब्रेकला पायच लावला नाही. त्यापुढे तोंड उघडत नाही. मुद्दाम ठरलं तर त्याची उमेदीची वर्षं आत जातील."

हकीकत साधी होती. आटलेल्या तळ्यात तिघांनी जुनं बॉनेट उलटं करून दोरानं गाडीमागे बांधलं. बॉनेटवर ड्रायव्हिंग मास्तरांचा मुलगा, स्टिअरिंगवर गॅरेजमध्ये काम करणारा धाकटा, शेजारी खुद्द मास्तर. गाडी अचानक थांबली, बॉनेट थांबलं नाही. मुलगा मागून गाडीवर आदळला. तो पुन्हा चालेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

अक्का खासगी तपास करायच्या. त्यांची गाडी चालवायचे त्यांचे दीर, ज्यांना त्या भाऊजी म्हणत. भाऊजींना मोटारीतलं सगळं कळायचं, माणसांतलं जरा उशिरा.

मास्तरांच्या अंगणात भाऊजींनी ती गाडी तपासली. ब्रेक ठणठणीत होते. "ही घरची गाडी," मास्तर म्हणाले, "शिकवायची दुसरी." अक्कांनी शेजारच्या सीटपुढची चटई उचलली. ती उजवीकडे एकाच जागी झिजली होती आणि खाली पत्र्यात दोन भोकं होती. भोकांच्या कडा लखलखत होत्या.

तळ्याच्या राखणदारानं लांबून पाहिलं होतं. गाडी घसरत थांबत होती तरी इंजिन ओरडतच होतं, मग गचका देऊन बंद पडलं, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मास्तरांना बरोबर घेतलं आणि पुढे बसवलं. भाऊजी वळणावर आले की मास्तरांचा उजवा पाय तळाशी दाबला जाई. "मास्तर, माझ्या चालवण्यावर भरवसा नाही वाटतं," भाऊजी हसत म्हणाले.

तळ्यात उतरल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. नजर पोचेल तिथवर पांढरी, भेगाळलेली माती होती. त्यातून बॉनेटची रेघ आखल्यासारखी सरळ गेली होती. एवढ्या मोकळ्या जागेत आदळायला काहीच नव्हतं, तरी पोरगा आदळला होता. भाऊजींना त्या रेघेची भीतीच वाटली.

"दोराला ओढता येतं, थांबवता येत नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून असं कुणाला ओढणं हाच गुन्हा. बसणारा राजीखुशीनं बसला, म्हणून चालवणारा सुटत नाही. धाकटा त्याची सजा भोगेल. पण इंजिन ओरडत होतं, म्हणजे त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. तोच पाय त्याच वेळी ब्रेकवर कसा जाईल?"

भाऊजींनी नकळत आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"ब्रेक दुसऱ्याच कुणाच्या पायानं दाबला. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. ही गाडी शिकवायचीच होती. चटई त्या पायाखाली झिजली. अपघातानंतर ब्रेक काढला, म्हणून भोकं अजून गंजली नाहीत. आणि नसलेला ब्रेक तुम्ही आजही वाटभर दाबत आलात, मास्तर."

मास्तर खाली बसले. "मागे वळून बघत होतो. पोरगा एका अंगाला झुकला, वाटलं, पडला. पाय कधी गेला ते मलाच कळलं नाही. याच पायानं आजवर किती शिकाऊ पोरं वाचवली."

"धाकट्याला ठाऊक होतं?" भाऊजींनी विचारलं.

"त्याला गाडी मीच शिकवली. ब्रेकही त्यानंच बसवला होता. मी त्याच्यावर आळ घेतला, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही." मास्तर रडत होते. "मला चौकीवर न्या."

भाऊजींनी टोपी काढली. कोठडीतल्या त्या पोरापुढे आपण फार लहान आहोत, असं त्यांना वाटलं.

परतताना चौकात एक ट्रक आडवा आला. भाऊजींनी करकचून ब्रेक दाबला. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. ते हलले नाहीत.